टाकीच्या शिडीवरचा मोबाईल

मले मोबाईल पायजे होता तो फक्त वाजणारा. फोटो नाई, गाणे नाई, काईच नाई. आमच्या इथी वाजला पायजे, बस. असा मोबाईल भेटाले मले दोन महिने लागले. भेटला तवा वाटलं, नसता भेटला तं बरं झालं असतं. आता तसंही काई वाटत नाई. जे झालं ते सांगून टाकते.

सेमाडोहच्या पुढं जंगलात एक गाव आहे, तिथच्या आश्रमशाळेत मी सयपाक करते. मी मेळघाटातली नाई. मायं सासर दर्यापुराकडचं. नवरा होता तवर दोघंही लोकाच्या वावरात जात होतो. कपाशी वेचली, तूर कापली, हरभरा सोंगला. मंग तो तापात गेला. पाच दिवस ताप होता, सहाव्या दिशी गेला. पोरगी तवा नववीत होती. तिले दहावीपर्यंत शिकवलं, पुढं लग्न करून देल्लं. अकोल्याच्या तिकडं, खारपाणपट्ट्यात. लोकं म्हणे तिकडं विहिरीचं पाणी खारं आहे, पोरगी कायले देते. म्या म्हटलं, माणूस गोड आहे. जवाई खरंच चांगला निघाला. आजही त्याच्याबद्दल मी वाईट बोलत नाई.

पोरगी गेली अन् मी एकटी राह्यली. आमच्या गावचा एक मास्तर इकडं होता. त्यानं सांगतलं का आश्रमशाळेत सयपाकीन पायजे, राहाले जागा भेटते. मी आली. अकरा वर्षं झाले त्याले. धान्याच्या कोठीले लागून एक खोली आहे, तिच्यात मी राहते. काम गेलं का खोली गेली. हे मले मालूम होतं, अन् पोरीलेही मालूम होतं.

चार वर्षाखाली पोरीचे पाय सुजले. मंग तोंड सुजलं. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं, दोन्ही किडन्या गेल्या. कोणी म्हणे पाण्यानं झालं, कोणी म्हणे दुखण्याच्या गोळ्या खाऊन झालं. गोळ्या तं आमी साऱ्याच खातो. लेकरूबाळ तिले झालंच नव्हतं. हप्त्यातून दोन खेपा तिले मशीनवर घेत. सोमवारी अन् गुरुवारी. सकाळी जवाई तिले मोटरसायकलवर घेऊन अकोल्याले जाये, चार घंटे रक्त धुवून घेये, अन् संध्याकाळी वापस आणे.

इकडं आमची गंमत अशी का गावात रेंज येत नाई. टावर आहे, पण तो डोंगराच्या तिकडं. साऱ्या शाळेत एकाच जाग्यावर रेंज भेटे, पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीवर, पाचव्या पायरीपासून वर. म्हणून आमी साऱ्या बायका मोबाईल पिशवीत घालून शिडीले तारेनं लटकवत होतो. कोणाची साखरेची पिशवी, कोणाची बियाण्याची. माया मोबाईल तुरीच्या बियाण्याच्या लाल पिशवीत राहे. ज्याचा वाजला त्याले बाकीच्यायनं हाक माराची. बोलाचं तं पाचव्या पायरीवर चढाचं, एका हातानं शिडी धराची अन् एका हातानं मोबाईल. अन् चढलं तरी काय, आवाज तुटे. एक शब्द ऐकू आला तं चार नाई. मायं वय साठीच्या जोळपास. दोन खेपा पाय घसरला. मंग पोरीनं अन् म्या बोलणंच सोडून देल्लं.

पोरीनं रीत पाडली. दवाखान्यातून घरी आली का ती मले एक मिसकॉल देये. एक घंटी वाजली अन् बंद झाली म्हणजे, माय, मी घरी आली, बरी आहो. एकामागं एक दोन घंट्या आल्या तं, माय, निघून ये. चार वर्षात दोन घंट्या एकाच खेपेले आल्या. तवा मी गेली अन् आठ दिवस राहून वापस आली. बाकी सोमवार अन् गुरुवार, पोरायच्या ताटल्या मांडाच्या वक्ताले, एक घंटी. ती आली का मी जेवत होती. ती येईपर्यंत गळ्याखाली घास उतरत नव्हता. हे म्या कोणाले सांगतलं नव्हतं, पण मायासंगं सयपाक करणारी कोरकू बाई आहे, तिच्या ध्यानात आलं होतं. ती म्हणे, "बुढी, तुयं पोट त्या शिडीवर टांगलं आहे."

दिवाळीच्या सुट्टीत मी पोरीकडं गेली होती. तवा ती चालत होती, चुलीजोळ बसत होती. म्या तिले चिवडा करून देल्ला, तिनं मीठ कमी टाकाले लावलं. शाळा उघडली अन् मी वापस आली.

मंग थंडी पडली अन् एक दिवस वांदरं आले. वांदरं आमच्या इथी रोजच येते, पण त्यायले पिशवी दिसली का खायाचं आहे असं वाटते. एका मोठ्या वांदरानं शिडीवरून मायी लाल पिशवी तोडली, टाकीवर बसून उघडली, मोबाईल दातानं चावून पाह्यला अन् खाली टाकून देल्ला. दगडावर पडला. आतलं कार्ड तेवढं चांगलं राह्यलं. त्या कोरकू बाईचा मोबाईल वांदरानं सोडला होता. मी तिले म्हटलं, तुया कसा सोडला वो. ती म्हणे, "मायी पिशवी मिरचीची आहे. वांदर तुयाहून शहाणं आहे."

तिच्या मोबाईलवरून म्या पोरीले फोन लावला. जवाईनं उचलला. आवाज तुटून राहिला होता, तरी म्या दोन तीन खेपा ओरडून सांगतलं का या नंबरवर घंटी देत जा. तो हो म्हणाला. मंग त्या बाईच्या मोबाईलवर घंटी येऊ लागली. ती मले हाक मारे अन् टोमणा मारे, तुयी पोरगी मले हप्त्यातून दोन खेपा याद करते, माया पोट्टा परतवाड्याले जाऊन बसला तो मले कवाच करत नाई. पण तिचा नवरा कामाले निघाला का मोबाईल घेऊन जाये. दोन गुरुवार घंटी आलीच नाई. आली असन तं त्या माणसाच्या खिशात आली असन. त्या दोन दिवसात मी जेवली का नाई मले आठवत नाई.

म्या मुख्याध्यापकाले एक दिवसाची सुट्टी मागतली. ते म्हणाले, मोबाईल घ्याचा तं अमरावतीले जा, तिथी मोठे दुकानं आहेत, कंपनीचा माल भेटते. मी पहिल्या गाडीनं परतवाडा अन् तिथून अमरावतीले गेली. दुकान असं होतं का आत पाय ठेवाले संकोच वाटे. काचेचं सारं. एक पोरगी होती, लय चांगली बोलली. बजेट किती आहे आजी, असं तिनं पयले विचारलं. म्या म्हटलं, रेंज पायजे. तिनं एक मोबाईल काढला, मायाच तोंडाचा फोटो काढून मले दाखवला. म्या म्हटलं, बाई, रेंज. तवा तिनं कोपऱ्यात बोट ठेवलं अन् म्हणाली, "आजी, बघा ना, फुल आहे." तिथी कांड्या होत्या, लहान मोठ्या. म्या मोजल्या. साऱ्या भरलेल्या होत्या. मायं कार्ड टाकून पाह्यलं, तरी भरलेल्या. अजून एक मोबाईल दाखवला तिनं, त्याच्यात एक कांडी कमी होती. मंग ज्याच्यात जास्त होत्या तो म्या घेतला. मले वाटलं, रेंज मोबाईलात राहते. जसं कंदिलात तेल राहते तसं.

वापस येताना गाडीत मी तो मोबाईल हातातच धरून बसली होती. परतवाड्यापर्यंत कांड्या चांगल्या होत्या. घाट लागला अन् एक गेली. वळणावर अजून एक गेली. सेमाडोहले एकच राह्यली, तीही येये अन् जाये. आमच्या गावात उतरली तं कांड्यायच्या जागी फुली आली होती. शिडीच्या पाचव्या पायरीवर नेलं, फुली. टाकीवर चढवून ठेवाले त्या कोरकू बाईले म्हटलं, ती चढली, तिथीही फुली. ती उतरली अन् मोबाईलच्या काळ्या काचेत पाहून तिनं आपलं कुंकू नीट केलं. म्हणाली, "मोबाईल नाई बुढी, तू आरसा आणला."

चार पाच हप्ते तसेच गेले. मुख्याध्यापक दुसरी सुट्टी देत नव्हते, म्हणे आता संक्रांत होऊन जाऊ द्या. त्या बाईचा नवरा घरी राहे त्या दिशी घंटी येये, नसे त्या दिशी नाई. जवा येये तवा एकच येये. म्या मनात म्हणत होती, चांगलं चालू आहे.

आमच्या गावाले जी गाडी येते तिच्या कंडक्टरनं मायी गोष्ट ऐकली. तो म्हणे, काकू, अमरावतीले कायले गेल्या, अचलपूरले जाऊन चाचाले भेटाचं. परतवाड्याहून ऑटोनं दहा मिनिटं. एका जुन्या दरवाज्याच्या गल्लीत टिनाखाली बसते तो, मोबाईल सुधारते. डोंगरातले सारे लोकं त्याच्याकडूनच नेते.

गेली मी. म्हातारा माणूस, मायाच वयाचा, डोळ्याले भिंग लावून बसला होता. म्या अमरावतीचा मोबाईल त्याच्यापुढं ठेवला. त्यानं त्याच्याकडं पाह्यलंही नाई, मायाकडं पाह्यलं अन् म्हणाला, "अम्मा, मोबाईल रखोगी कहाँ?"

इतक्या दिवसात हे मले कोणीच विचारलं नव्हतं. म्या सारं सांगतलं. शिडी, पाचवी पायरी, डोंगर, वांदर. तो हसला नाई. त्यानं मायं कार्ड पाह्यलं, कोणत्या कंपनीचं आहे ते. म्हणाला, तुमच्या तिकडं टावर याच कंपनीचा आहे, कार्ड बरोबर आहे. पण तो टावर जुन्या जातीचा, अन् हा मोबाईल नव्या जातीचा. नवा मोबाईल नवाच टावर शोधत राहते, जुन्याशी बोलत नाई. म्या म्हटलं, भाऊ, दुकानात तं साऱ्या कांड्या भरलेल्या होत्या. तो म्हणाला, "टावर के नीचे तो अम्मा खिळाभी वाजते."

त्याची कामाची एक पद्धत होती, ती तशी म्या आणखी कुठी पाह्यली नाई. तो कोणाले नुसता मोबाईल विकत नव्हता. त्या कंडक्टरच्या थैलीत तो दोन तीन मोबाईल बांधून देये. गाडी ज्या वक्ताले ज्या गावात असन त्या वक्ताले हा अचलपूरहून घंटी देये. कोणता वाजला, कोणता नाई, ते कंडक्टर संध्याकाळी येऊन सांगे. म्हणून कोणत्या गावात कोणता डब्बा वाजते हे त्याले तोंडपाठ होतं. पण आमची शाळा गाडीच्या रस्त्यावरून आत आहे, डोंगराच्या आडोशाले. तिथचं त्याले मालूम नव्हतं.

त्यानं फळीवरून दोन बटनवाले मोबाईल काढले. एक नवा, पातळ, निळा. एक जुना, जाडा, मागचं झाकण रबरानं बांधलेलं. दोघायत आपल्याजोळचे कार्ड टाकले. म्हणाला, दोन्ही घेऊन जा अन् शिडीवर लटकवा. तीन दिवस, दुपारी बारा वाजता मी घंटी देईन. पयले निळ्याले, मंग जाड्याले. जो वाजला त्याची भिंतीवर कोळशानं रेघ मारा. जो नाई वाजला तो कंडक्टरजोळ वापस पाठवा.

म्या म्हटलं, "भाऊ, तुमचे मोबाईल घेऊन मी पळून गेली तं?"

"कहाँ जाओगी अम्मा. पुढं वाघ आहे."

तीन दिवस दुपारी बारा वाजता ती कोरकू बाई अन् मी टाकीखाली उभ्या राह्यलो. पोळ्या तव्यावर सोडून. पोरं विचारत, मावशी काय पाहून राहिल्या. निळा एकाच दिशी वाजला, तोही अर्धा. जाडा तिन्ही दिवस वाजला. तिसऱ्या दिशी तं म्या तो पाचवीवरून तिसऱ्या पायरीवर आणला, तरी वाजला. म्या बटन दाबलं. चाचाचा आवाज असा आला जसा तो टाकीच्या मागं उभा आहे. म्हणाला, बोलो अम्मा.  म्या म्हटलं, वाजला. तो म्हणाला, मंग ठेवा. निळा अन् अमरावतीचा आरसा दोन्ही कंडक्टरजोळ पाठवून देल्ले. आरशाच्या बदल्यात त्यानं हा जाडा मले देऊन टाकला, वरतून काई मागतलं नाई.

जाड्यात मायं कार्ड टाकलं. त्याले मिरचीच्या पिशवीत घातलं. कोरकू बाईनं आपल्या मोबाईलवरून जवाईले सांगून देल्लं का आता पुन्हा बुढीच्याच नंबरवर घंटी देत जा.

पहिल्याच सोमवारी, ताटल्या मांडाच्या वक्ताले, एक घंटी आली. किती दिवसानं मायाच मोबाईलवर आली. मले वाटलं, आता आवाज साफ येते तं पोरीशी बोलून घ्यावं. तिसऱ्या पायरीवर चढून हिरवं बटन दाबलं. जवाईनं उचललं. म्या म्हटलं, तिले द्या. तो म्हणाला, झोपली आहे मामी, थकून आली. ठीक आहे म्हटलं. गुरुवारी पुन्हा एक घंटी आली, म्या पुन्हा लावला. तो म्हणाला, आंघोळीले गेली. मशीनवरून आल्यावर कोणी थंडीत संध्याकाळी आंघोळ करत नाई, पण म्या काई म्हटलं नाई. हो म्हटलं अन् खाली उतरली. त्या दिशी मी जेवली, पण सावकाश जेवली.

पुढच्या सोमवारी घंटी आली तवा मी शिडीवरच उभी होती. लगेच लावला. जवाई म्हणाला, "मामी, आताच घरी आलो. बरी आहे ती."

मोबाईल चांगला होता. त्याच्यात त्याच्या आवाजाच्या मागचंही ऐकू येये. मागं एक बाई मोठ्यानं विचारून राहिली होती, सात नंबरजोळ कोण आहे, सलाईन संपलं ना. अन् लोखंडी खाट ओढल्याचा आवाज आला. मले दवाखान्याचे आवाज मालूम आहेत.

म्या म्हटलं, "जवाईबापू, तुमी दवाखान्यात आहा."

 मागून ती बाई पुन्हा सात नंबर म्हणाली. जवाई तिले म्हणाला, मी आहो. मंग मले म्हणाला, "हो मामी."

"कवापासून?"

"आता भरती करून महिना झाला. पण तब्येत दिवाळी झाली अन् पंधरा दिसानंच बिघडली."

"मंग घंटी कोण देत होतं?"

"मीच. तिनंच लावलं. म्हणे मायले एकच देत जा, दोन देऊ नका. दोन देल्ल्या तं ती निघून येईल अन् तिची खोली जाईल."

मी शिडी धरून उभी होती. खाली पोरायच्या ताटल्यायचा आवाज येऊन राहिला होता. म्या बोटावर मोजून पाह्यलं, दिवाळीपासून किती सोमवार अन् किती गुरुवार झाले. मोजता मोजता सोडून देल्लं. प्रत्येक घंटीले मी जेवली होती, एवढं मात्र खरं. घंटी वाजली म्हणजे पोरगी बरी, हे मायं मीच धरून बसली होती. बटन कोणाचं बोट दाबते हे घंटीत कुठी ऐकू येते. इतक्या वर्षात मले हे एकदाही सुचलं नाई. जवाईनं खोटं एक शब्दही लिहून का बोलून देल्लं नव्हतं, फक्त बटन दाबलं होतं. खोटं बोलला तो तीनच खेपा, तेही मी हा मोबाईल आणला म्हणून.

म्या त्याले म्हटलं, मी येऊन राहिली. तो नाई म्हणाला नाई.

मुख्याध्यापक म्हणाले, बाई, पुन्हा सुट्टी, किती दिवसाची. म्या म्हटलं, मालूम नाई. ते म्हणाले, मालूम नाई अशी सुट्टी नसते, मले दुसरी बाई ठेवा लागन. म्या म्हटलं, ठेवा. कोरकू बाई कणिक मळून राहिली होती, तिनं मान वर न करता सांगतलं, "ठेवू नका सर. मी दोघींचं करते. हिच्या खोलीले कुलूप लावून किल्ली मायाजोळ राहील."

परतवाडा, अंजनगाव, अकोट, अकोला. सारा दिवस गाडीत गेला. काय विचार केला ते आठवत नाई. खिडकीतून संत्र्याचे बगीचे गेले, मंग काळी जमीन आली, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले होते. अकोटच्या स्टँडवर एका बाईनं मायी थैली धरून मले गाडीत चढवलं, तिचे हात मेहंदीचे होते. असं काईबाई आठवते.

सात नंबरच्या खाटेवर मायी पोरगी होती हे मले जवाई उभा होता म्हणून समजलं. हाताची नस मशीनची सुई घेत नव्हती म्हणून मानेत नळी टाकली होती. केस कापले होते. एवढे केस होते तिले. मी स्टुलावर बसली. तिनं डोळे उघडले अन् लय वेळ मायाकडं पाहत राह्यली. मंग जवाईकडं पाह्यलं.

"तुमी दोन देल्ल्या?"

तो म्हणाला, नाई, एकच देल्ली.

मंग मले म्हणाली, "मंग कोणं सांगतलं तुले?"

म्या म्हटलं, "कोणी नाई सांगतलं. मोबाईल चांगला भेटला."

तिनं डोळे मिटले. ओठ कोरडे होते, तरी उलीसं हसल्यासारखं केलं. म्हणाली, "इतका चांगला कायले घेतला वो माय."

 म्या पदर ओला करून तिचे ओठ पुसले.

जवाई चहा आणाले गेला तवा ती म्हणाली, वापस जाय. म्या म्हटलं, जाईन. कवा जाशील, म्हणाली. म्या म्हटलं, जाईन तवा जाईन. ती म्हणाली, खोली गेली तं कुठी राहशील, मी काई तुले ठेवाले राहत नाई आता. तिनं हे असं सांगतलं जसं घरात ज्वारी संपली सांगते. म्या म्हटलं, खोलीची किल्ली एका बाईजोळ आहे. तू खोलीचं नोको पाहू. ती म्हणाली, "मंग पयले जेव. तू जेवली नसशील." डब्यात जवाईच्या बहिणीनं पाठवलेली भाकर होती. मी तिच्यापुढं बसून खाल्ली. अर्धी खाल्ली तं ती म्हणाली, सारी खाय.

मी दवाखान्यात एकोणीस दिवस राह्यली. खाटेखाली चटई टाकून झोपत होती. ती होळीच्या आधी गेली, सकाळी नऊ साडेनऊच्या दरम्यान, वार्डात झाडलोट चालू होती. सारं आटपेपर्यंत मी जवाईच्या घरी राह्यली. बायका मायाजोळ येऊन रडल्या. मले रडू आलं नाई, अजूनही आलं नाई. एका बाईनं विचारलं, तुमाले कसं समजलं वेळेवर. म्या म्हटलं, फोन आला. मंग मी शाळेत वापस आली. खोली होती. मोबाईल मायाजोळ आहे, शिडीवर लटकवत नाई. कोणाले लागला तं नेतात.

त्या एकोणीस दिवसात आमी काई जास्त बोललो नाई. लोकायले वाटते, बसून बसून मायलेकी काय काय बोलल्या असतीन. तिले दम लागे. मी बोलणारी बाई नाई. ती डोळे मिटून पडून राहे, मी स्टुलावर बसून राहत होती, तिच्या पायाले तेल लावत होती, नाई तं काईच करत नव्हती. मधातच ती डोळे उघडे अन् मान न हलवता मले पाहे, कुठी आहे ते. नळीमुळं तिले बाजूले वळता येत नव्हतं, म्हणून मी दिसली नाई का ती हळूच म्हणे, "माय?"

मी म्हणत होती, आहो.

मंग ती पुन्हा डोळे मिटे.